घरामागं ॲक्वापोनिक्स टाकतोय, नक्की कुठले परवाने लागतात? (वेंगुर्ला)

परतलेला_चाकरमानी
नमस्कार मंडळी. गाव वेंगुर्ला तालुक्यात, इतकी वर्षं ठाण्यात नोकरी केली, आता कायमचा गावी आलोय. घरामागं पाचेक गुंठे जागा आहे, पूर्वी भात व्हायचं, आता नुसतं गवत आणि रानडुकरं. तिथं ॲक्वापोनिक्स करायचं डोक्यात आहे, म्हणजे माशांच्या ६ टाक्या, त्यातलं पाणी फिल्टर होऊन भाजीच्या वाफ्यांना जाणार आणि तिथनं परत टाकीत. लेट्यूस, पुदिना, बेसिल असली हॉटेलवाल्यांची भाजी, गिऱ्हाईक शिरोडा आणि पुढं गोवा.

टाक्या, पंप, शेडनेट सगळ्याची कोटेशन घेऊन झाली पण परवान्यांचं काही कळेना. एका ऑफिसात गेलो तर म्हणाले मासे आहेत ना मग तिकडे जा, तिकडे म्हणाले भाजी आहे मग पलीकडे विचारा, पलीकडचे साहेब म्हणाले माती नाही तर शेती कसली हो. युट्यूबवर एक जण छातीठोक सांगतो काही लागत नाही, दुसरा म्हणतो चेन्नईहून लायसन आणावं लागतं. समुद्र घरापासून सरळ रेषेत दीड किलोमीटर असेल आणि खाडी त्याच्याही जवळ. कुणी केलंय का प्रत्यक्ष?

रापणकार_आबा
आधी पाणी खंयचा ता सांग. बावीचा काय खाडयेचा? ता कळल्याशिवाय कोणीच तुका उत्तर देव शकणा नाय.

परतलेला_चाकरमानी
विहिरीचं, आबा. गोडं. मे महिन्यात खाली जातं पण आटत नाही.

भरती_ओहोटी
आबांनी एका वाक्यात अर्धा धागा संपवला.

मी शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून शिकलोय आणि रत्नागिरी पट्ट्यात याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. चेन्नईचं जे ऐकलंत ते म्हणजे कोस्टल ॲक्वाकल्चर अथॉरिटी, २००५ च्या कायद्याने झालेली, ऑफिस चेन्नईला. त्या कायद्यात किनारी भाग म्हणजे भरतीरेषेपासून २ किलोमीटरच्या आतला, आणि भरतीरेषा फक्त समुद्राची नाही बरं का, खाडी, नदीचं मुख, बॅकवॉटर यांचीही. त्यामुळं नुसतं अंतर बघितलं तर तुम्ही आत पडता. पण कायदा लागू होतो खाऱ्या किंवा निमखाऱ्या पाण्यातल्या संवर्धनाला. गोड्या पाण्यातलं मत्स्यपालन त्याच्या व्याख्येतनं वगळलेलं आहे. म्हणजे विहिरीच्या गोड्या पाण्यात रोहू वाढवणाऱ्याला ती नोंदणी नाही, मग समुद्र दीड किलोमीटरवर असो नाहीतर अंगणात.

उद्या तुम्हाला वाटलं की गोव्यात भाव आहे तर खाडीचं पाणी ओढून कोळंबी टाकू, त्या दिवशी सगळं बदललं. मग जिल्हास्तरीय समितीमार्फत अर्ज, ५ वर्षांची नोंदणी, व्हेनामी (परदेशी जातीची कोळंबी) असेल तर बी कुठल्या हॅचरीतून आणलं त्याचे कागद, आणि भरतीरेषेपासून २०० मीटरच्या आत तलाव नाहीच. २०२३ च्या दुरुस्तीत तुरुंगवासाची तरतूद काढून दंडावर आणलीय आणि हॅचरीवाल्यांना थोडी मोकळीक दिलीय, पण नोंदणी काही सुटलेली नाही. तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं तरी गोड्यातच राहा.

कशाला_परवाने
मी तर म्हणतो कोणालाच विचारू नका. आमच्या वाडीत एकाने टाक्या ठेवल्यात, कुणी ढुंकून बघत नाही. विचारायला गेलं की नसलेला नियम पण निघतो.

सातबारा_बघा
वरच्या दादांचं म्हणणं निम्मं खरं आहे. विचारायला गेलं की नियम निघतो हे खरं, कारण आपण विचारतो चुकीचं. "ॲक्वापोनिक्सची परवानगी द्या" म्हटलं की समोरच्याकडं त्या नावाचा फॉर्मच नसतो, मग तो बिचारा काय करणार, पुढच्या टेबलाकडं बोट दाखवणार. ॲक्वापोनिक्स नावाचं लायसन महाराष्ट्रात नाहीच हो. मत्स्य खात्यात गेलात की गोड्या पाण्यातलं मत्स्यसंवर्धन म्हणा, आरएएस (तेच पाणी फिल्टर करून पुन्हा वापरायची पद्धत) म्हणा. कृषीत गेलात की शेडनेटमधला भाजीपाला म्हणा. ग्रामपंचायतीत शेड आणि टाक्यांसाठी ना हरकत दाखला मागा. ज्याच्या त्याच्या भाषेत बोललं की काम होतं.

पण मला तुमची खरी काळजी वेगळीच वाटते. त्या पाच गुंठ्यांचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?

परतलेला_चाकरमानी
😅 आजोबांच्या. म्हणजे आजोबा गेल्यावर वडील, दोन काका आणि आत्या लागल्या. एक काका गेले, त्यांची मुलं आता लागतील. वारस नोंद अर्धवट आहे.

सातबारा_बघा
वाटलंच. कोकणात धंदा अडतो तो इथं, लायसनमध्ये नाही. अनुदान असो, वीज कनेक्शन असो, बँकेचं कर्ज असो, पहिला कागद मागतात सातबारा आणि ८-अ. त्यावर जितकी नावं तितक्यांची संमती, आणि एक नाव डोंबिवलीत, एक सुरतेत, एकाशी गेल्या गणपतीपासून अबोला.

आधी वारस नोंद पूर्ण करा, ती तलाठ्याकडं (हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं). सगळे तयार असतील तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडं संमतीनं वाटप करून घ्या, म्हणजे तुमच्या हिश्श्याचा उतारा वेगळा होतो. तेवढं जमत नसेल तर निदान सहहिस्सेदारांचं संमतीपत्र, स्टॅम्पपेपरवर, नोटरी केलेलं, आणि त्यात "मत्स्यसंवर्धन, शेडनेट, वीजजोडणी आणि शासकीय अनुदानासाठी" असं स्पष्ट लिहा. नुसतं "हरकत नाही" लिहिलेलं पत्र नंतर परत आणायला सांगतात. काका आत्ता हो म्हणतील पण टाक्यांत मासे उड्या मारायला लागले की त्यांची मुलं हिस्सा मागायला येतील, हे मी वकील नसून सांगतोय.

आणखी एक, सातबाऱ्याच्या इतर हक्कात काय लिहिलंय ते वाचा. सिंधुदुर्गात कितीतरी गटांवर खासगी वनाचा शेरा आहे, मालकालाच माहीत नसतो. तो असेल तर आधी त्याचं बघा, नाहीतर खड्डा मारायला घेतलात तरी वनखातं दारात.

मालवणी_मसाला
इतर हक्कात आमच्या तर १९५६ ची कुळाची नोंद आहे अजून 😂

कांदळवनाच्या_कडेला
खाडी नक्की किती जवळ आहे? सीआरझेडचं, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राचं, बघून घ्या. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटर, आणि खाडीकाठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यातलं जे कमी असेल तेवढा पट्टा. तुम्ही त्याच्या बाहेर असाल तर विषय मिटला. पण काठाला कांदळवन असेल आणि ते १००० चौरस मीटरपेक्षा मोठं असेल तर त्याच्याभोवती आणखी ५० मीटर मोकळं सोडावं लागतं. तिथं मातीचा भराव टाकलात की साधं काम नाही, सरळ गुन्हा. जिल्ह्याचे मंजूर नकाशे महाराष्ट्र किनारा क्षेत्र प्राधिकरणाच्या साईटवर असतात, त्यात गट नंबर शोधायला डोळे फुटतात पण एकदा शोधा.

आणि तुमचं गाव कांदळवनाचं असेल तर कांदळवन प्रतिष्ठानची उपजीविका योजना आहे, २०१७ पासून. खेकडे, कालवं, शोभिवंत मासे, यासाठी गावातल्या गटांना ९० टक्के मदत मिळते. ॲक्वापोनिक्स त्यात बसवायचं तर शोभिवंत माशांच्या बाजूने बसेल, आणि एकट्याला नाही, गट करूनच परवडतं.

परतलेला_चाकरमानी
खाडी साडेतीनशे मीटर तरी असेल, मधे रस्ता आणि माडाच्या बागा. कांदळवन पलीकडच्या काठाला. म्हणजे वाचलो.

मासे कुठले टाकावेत? सगळे तिलापिया सांगतात.

नागावची_माई
मी अलिबागजवळ करते, सासूबाईंच्या वाडीत, म्हणून तुम्हाला प्रत्यक्षातलं सांगू शकते. तिलापिया चांगला वाढतो, चिवट आहे, पण तो बाहेरचा मासा, म्हणून केंद्राच्या वेगळ्या मार्गदर्शक सूचना आहेत: मत्स्य खात्यात नोंद, बी अधिकृत ठिकाणाहून, एकलिंगी किंवा गिफ्ट (सुधारित तिलापिया) जातीचं, आणि मासा किंवा अंडं बाहेरच्या ओढ्या-नदीत जाणार नाही अशी व्यवस्था. गिफ्टचं बी केंद्राच्या संस्थेच्या आंध्रातल्या हॅचरीतून येतं. कुणीतरी टेम्पोतून पिशव्या घेऊन येतो आणि "गिफ्टच आहे वहिनी" म्हणतो, त्याच्याकडून बिल मागा, बिल नसेल तर घेऊ नका.

तुमची जागा पूर्वीचं भाताचं खाचर आहे म्हणालात ना, म्हणजे जुलैत तिथं पाणी भरणार. नियमातली "मासा बाहेर जाणार नाही" ही अट तिथं कागदावरची राहत नाही. माझ्या टाकीच्या ओव्हरफ्लोला बाहेरून जाळी बांधली होती, तिला फणसाची पानं आणि शेवाळ चिकटायचं, पाणी पाईपातून जायच्या ऐवजी काठावरून सांडायचं आणि पाण्याबरोबर पिल्लं. मग टाकीच्या आत, मधोमध, भोकं पाडलेला चार इंची पाईप उभा केला, त्याच्यावर बारीक जाळीचा मोजा चढवला. आता पानं वर तरंगत राहतात, पाणी खालनं शोषलं जातं, सकाळी हाताने मोजा एकदा झटकायचा. टाक्या जोत्यावर चढवा, जांभ्याचे दोन थर तरी.

मला विचाराल तर पहिल्या वर्षी रोहू-कटला नाहीतर कोई (शोभेचा मासा) टाका. भाजीला काय, खत मिळाल्याशी मतलब. आणि कोणी स्वस्तात मांगूर देतो म्हणाला तर थाई मांगूर ओळखायला शिका, त्याच्यावर २००० सालापासून बंदी आहे आणि खातं टाक्याच्या टाक्या नष्ट करतं.

रापणकार_आबा
कोई खावक जमता काय? 😄

नागावची_माई
नाही आबा, विकायला. अलिबागला बंगलेवाले तळ्यात सोडायला नेतात, खायच्या माशापेक्षा बरा भाव देतात.

विजेचा_लपंडाव
विजेचं कुणी बोललंच नाही. एअर पंप २४ तास चालणार, तो कुठल्या दराने चालतो त्यावर सगळं गणित आहे.

नागावची_माई
हो ते राहिलंच. आमच्याकडं आधी व्यापारी दराचं मीटर पडलं होतं, बिल बघून मिस्टरांनी कपाळाला हात लावला. एमईआरसीच्या, म्हणजे राज्य वीज नियामक आयोगाच्या, दरपत्रकात "कृषी – इतर" अशी लघुदाबाची वेगळी वर्गवारी आहे, त्यात हरितगृह, रोपवाटिका, मशरूम, कोंबडीपालन यांच्याबरोबर मत्स्यपालन नावानं आहे. पंपाच्या शेतकऱ्यांइतका तो दर स्वस्त नसतो पण व्यापारीच्या मानानं पुष्कळ बरा. मी दरपत्रकाचं ते पान छापून नेलं, सातबारा आणि मत्स्य खात्यातल्या नोंदीची प्रत जोडली, आणि लेखी अर्ज करून पोच घेतली. तोंडी सांगून काही होत नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये मंत्रिमंडळानं मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, त्याचा उल्लेखही अर्जात करा, वजन पडतं.

अर्ज पहिल्यांदाच त्या वर्गवारीत करा. नंतर बदलून घेणं म्हणजे वैताग.

भरती_ओहोटी
माईंनी म्हटलेली मत्स्य खात्यातली नोंद म्हणजे जिल्ह्याच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात. शिवाय केंद्राचं राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल पोर्टल आहे, २०२४ पासून, तिथं मत्स्यपालक म्हणून नाव घाला, फुकट आहे, योजनांसाठी आता तेच विचारतात. उद्यम नोंदणी (लघुउद्योगांची) करायला कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका, एक तर ती फुकट आहे आणि दुसरं म्हणजे नुसतं मत्स्यपालन त्या यादीत बसतच नाही.

अनुदानाचं: मत्स्य संपदा योजनेत, २०२० ची ती, सर्वसाधारण गटाला ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के. खर्चाची मर्यादा ठरलेली असते, परसातल्या छोट्या आरएएसला ५० हजार, ७ टाक्यांच्या बायोफ्लॉकला (टाकीतले जिवाणूच घाण पचवतात ती पद्धत) साडेसात लाख अशी. तुमच्या वाफ्यांचा आणि लेट्यूसचा खर्च त्यात धरत नाहीत, टाक्या-फिल्टर-एअरेशन एवढंच धरा. मुख्य म्हणजे मंजुरीच्या आधी काम सुरू करू नका. मंजुरीचं पत्र, मग काम, मग फोटोसकट तपासणी, मग पैसे. म्हणजे आधी खिशातून किंवा कर्जातून घालायचेत. योजना सध्या चालू आहे का आणि जिल्ह्याला लक्ष्यांक शिल्लक आहे का ते विचारूनच कोटेशनवर सही करा.

परतलेला_चाकरमानी
बायकोच्या नावावर केलं तर ६० टक्के?

सातबारा_बघा
तिच्या नावावर जमीन किंवा नोंदणीकृत दीर्घ मुदतीचा भाडेकरार लागेल. म्हणजे परत त्याच सातबाऱ्यावर आलात 🙂

बांधकामाचं पण सांगून ठेवतो. उचलून नेता येणाऱ्या प्लास्टिक नाहीतर ताडपत्रीच्या टाक्या, पाईपचा सांगाडा, शेडनेट, यावर सहसा कोणी बोलत नाही, ग्रामपंचायतीची ना हरकत पुरते. आरसीसीच्या टाक्या, स्लॅबची खोली, पॅकिंग शेड, आणि त्यातनं "फार्म बघायला या" म्हणून पर्यटकांची तिकिटं, असं सुरू केलंत की बिगरशेतीचा प्रश्न उभा राहतो. पर्यटनाचा मोह असेल तर तो वेगळा अर्ज, आत्ता यात घुसवू नका.

विंधन_विहीर
विहीर आटायला लागली तर बोअर मारायचा विचार येईल. भूजल कायद्यात (२००९ चा) ६० मीटरपेक्षा खोल जायला मनाई आहे. बोअरवाला म्हणेल मारतो दोनशे फूट, तिथेच थांबवा त्याला, आणि किनाऱ्याजवळ तसंही खोल गेलं की खारं लागतं, मग आबांचा पहिला प्रश्न परत विचारावा लागेल.

ओढ्यातून किंवा नदीतून मोटर लावून पाणी घेणार असाल तर पाटबंधारेची उपसा परवानगी. स्वतःच्या विहिरीला नाही.

परतलेला_चाकरमानी
विक्रीला काय? एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी?

कशाला_परवाने
हे मात्र करा. हॉटेलवाले नंबराशिवाय माल घेत नाहीत.

नागावची_माई
नेमकं सांगते. अन्नसुरक्षा कायद्यात शेतकऱ्याच्या किंवा मच्छीमाराच्या हातातला कच्चा माल, जसा तोडला-पकडला तसाच, हा "अन्न" धरत नाहीत. म्हणजे तुम्ही लेट्यूसचा गड्डा मुळासकट बाजारात विकलात तर त्या कायद्याचं काही नाही. पण तोच धुऊन, चिरून, डबीत भरून, वर नाव छापलंत की तुम्ही प्रक्रियादार. मासा साफ करून, तुकडे करून दिलात तरी तेच. शिवाय २०२२ पासून बिलावर एफएसएसएआय नंबर लिहायची सक्ती आहे, म्हणून हॉटेलचा खरेदीवाला नंबर मागतोच, त्याला कलमं समजावत बसण्यापेक्षा नोंदणी करून टाकलेली बरी. मी केली तेव्हा १२ लाखांच्या आत उलाढाल असेल तर साधी नोंदणी होती, वर्षाला १०० रुपये. एजंटनी दीड हजार सांगितले होते.

पाकिटावर "सेंद्रिय" छापून दुकानात ठेवू नका, त्याला एनपीओपी किंवा पीजीएस या सेंद्रिय प्रमाणीकरण पद्धतींचं प्रमाणपत्र लागतं. मी "रासायनिक फवारणी नाही" एवढंच लिहिते, ते खरंही आहे, कारण फवारलं तर खाली मासेच मरतील. आणि वजनकाट्याला वैधमापनचा शिक्का मारून घ्या, तो एक कागद सगळे विसरतात.

बांद्याच्या_नाक्यावर
गोव्यात माल न्यायचा म्हणताय म्हणून. भाजीला काही त्रास नाही, ताजी भाजी आणि ताजा मासा दोन्हीवर जीएसटी शून्य, आणि फक्त करमुक्त माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीही नको. पण मासे नेताना जपून. २०१८ ला फॉर्मेलिनच्या प्रकरणात गोव्यानं बाहेरची मासळी अडवली, मग एफडीएची नोंदणी आणि इन्सुलेटेड गाडी अशा अटी आल्या, तेव्हा आपल्या सिंधुदुर्गातल्या मासळीवाल्यांनी केवढं रान उठवलं होतं. तुमची पन्नास किलो रोहू घेऊन नाक्यावर वाद घालत उभं राहण्यात अर्थ नाही. भाजी गोव्याला, मासे इथेच आठवडा बाजारात.

रापणकार_आबा
आमच्या हयसर गोड्या पाण्यातलो मासो कोण घेतलो रे बाबा? सुरमई-बांगडो सोडून रोहू? भायरून इलेले कामगार घेतीत तेवढेच.

भरती_ओहोटी
आबांचं बरोबर आहे, म्हणून काही जण गोड्या पाण्यात जिताडा वाढवतात, तुमच्याकडचा चोणक. तो गोड्यातही राहतो आणि गिऱ्हाईक हात जोडून घेतं. पण तो एकमेकांना खातो, आकाराप्रमाणे सारखी निवड करावी लागते, आणि खाद्य महाग. पहिल्या वर्षी नको.

शेडनेट_उडालं
विमा घ्या विमा. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, आमचं श्रीवर्धनकडचं पॉलिहाऊस माडावर जाऊन अडकलं. मासे आणि सांगाडा दोन्हीचा वेगवेगळा विचारा.

सीए_कणकवली
एक गैरसमज आधीच काढतो. राज्यानं कृषीचा दर्जा दिला म्हणजे आयकर माफ झाला असं नाही. माशांचं उत्पन्न आयकरात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. भाजीचं आणि माशांचं बिलबुक पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा, खाद्य आणि विजेचा खर्चही वाटून लिहा.

परतलेला_चाकरमानी
सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुठल्याच ऑफिसात कळलं नसतं. ठरलं ते असं: पाणी विहिरीचंच, पहिल्या खेपेला कोई आणि थोडी रोहू, तिलापिया नाही. वारस नोंदीचा अर्ज सोमवारी टाकतो. आत्याला फोन केला, ती म्हणाली सही देते पण दर आठवड्याला पालक पाहिजे. धाकटे काका चतुर्थीला येतात तेव्हा संमतीपत्र समोर ठेवणार. तोपर्यंत शेडनेटवाल्याला थांबवलंय.

सातबारा_बघा
चतुर्थीला नको, आरती-भजनात कोणी सह्या करत नाही आणि तहसील बंद. त्याच्या आधी एखाद्या शनिवारी तुम्हीच मुंबईला जा, नोटरी तिथंच करून घ्या. सगळ्यांची आधार कार्डं आणि काकांच्या मृत्यूचा दाखला बरोबर ठेवा.

परतलेला_चाकरमानी
हे बरं सांगितलंत. तुतारीचं तिकीट बघतो.